उंदीर किती, यापेक्षा उंदीर कोणते

प्लेगच्या अभ्यासासाठी १९०५ साली एक सल्लागार समिती नेमली गेली. परळच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखालच्या डॉक्टरांनी निरनिराळ्या शहरांतून उंदीर पकडून आणले, त्यांना प्लेगचे जंतू टोचले आणि कोण जगतो, कोण मरतो हे टिपून ठेवले. मद्रासचे उंदीर पटापट मेले. मुंबईच्या उंदरांतले बरेच मात्र तगले. मद्रास शहराला तोवर प्लेगची झळ जवळपास लागलीच नव्हती. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला, तेव्हापासून साथ दर वर्षी हिवाळा सरता सरता उसळत होती, आणि माणसांआधी उंदीर पडत होते. ज्या शहरात उंदीर जास्त पडले, त्या शहरात उरलेले उंदीर जास्त चिवट निघाले. पुढे हाफकीन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिब सिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी देशातल्या उंदरांच्या याच प्रतिकाराचा पाठपुरावा केला आणि १९३७ साली आपले निष्कर्ष छापले. डीएनएची रचना उलगडायला अजून सोळा वर्षं होती. तरीही वन्य प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीत गावागणिक फरक पडतो आणि तो फरक रोगानेच घडवलेला असतो, हे जगाला दाखवून देणाऱ्या सुरुवातीच्या कामांत या मुंबईच्या उंदरांचा मान मोठा आहे. आपल्याकडे प्लेगचा इतिहास सांगताना रँड, चापेकर, सावित्रीबाई, हाफकीनची लस हे सगळं येतं. ते यायलाच हवं. पण या उंदरांचा उल्लेख क्वचितच होतो.

उंदीर आणि रोग यांची चर्चा आपल्याकडे संख्येपाशी सुरू होते आणि संख्येपाशीच संपते. उंदीर फार झालेत, एवढे मारले, अजून एवढे मारायचे. संख्या महत्त्वाची नाही असं कोणी म्हणणार नाही. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला पुरावा एकत्र मांडला तर दिसतं ते असं: एखाद्या गावाला उंदरांपासून किती धोका आहे, हे तिथले उंदीर कोणत्या जातीचे, कोणत्या वंशाचे, किती वयाचे आणि त्यांच्या प्रतिकार-जनुकांचे कोणते नमुने तिथे टिकून आहेत, यावर संख्येइतकंच अवलंबून असतं. कधी कधी संख्येहून जास्त. खानदेशासारख्या, धान्याच्या गोण्यांवर आणि मालगाडीवर उभ्या राहिलेल्या मुलखाला तर हे समजून घेण्याचं कारण इतरांहून अधिक आहे.

मुंबईच्या प्रयोगावर पहिला आक्षेप त्याच काळात घेता येण्यासारखा होता, आणि तो वाजवी आहे. मुंबईचे उंदीर तगले ते कदाचित आधी सौम्य लागण होऊन गेल्यामुळे. माणसाला देवी येऊन गेल्या की पुन्हा येत नसत, तसंच काहीसं. तसं असेल तर ते बळ त्या एका उंदराबरोबर मरतं, पिल्लांकडे जात नाही. घरउंदराचं आयुष्य मोकळ्यावर जेमतेम वर्षभराचं, त्यामुळे दोन साथींच्या मधल्या काळात अशी कमावलेली प्रतिकारशक्ती फार दिवस टिकणार नाही, असा तर्क करता येतो. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळाला तो मादागास्करमध्ये. त्या बेटावर प्लेग १८९८ मध्ये जहाजातून उतरला आणि १९२१ पासून मधल्या उंच पठारावर ठाण मांडून बसला. किनाऱ्यालगतच्या सखल भागात तो टिकला नाही, पठारावर अजून आहे. फ्रेंच आणि मालागासी संशोधकांनी दोन्हीकडचे काळे घरउंदीर आणून तुलना केली, तेव्हा पठारावरचे उंदीर कितीतरी जास्त मात्रा पचवून जगले. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या, प्लेगचा जंतू कधीच न पाहिलेल्या पिल्लांतही हा फरक उतरला. म्हणजे तो रक्तातला होता. सीसीआर-५ नावाच्या, पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या जनुकाशी त्याचा संबंध दिसतो असा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळं श्रेय या एका जनुकाला देता येत नाही, आणि त्या संशोधकांनी ते दिलेलंही नाही.

मादागास्करच्या गोष्टीला आपल्याकडचा एक धागा आहे. काळा घरउंदीर, शास्त्रीय नाव रॅटस रॅटस, जगभर जहाजांनी पसरला. त्याच्या वंशावळीचा जो मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात युरोप, आफ्रिका आणि अमेरिकेत गेलेली शाखा भारतीय द्वीपकल्पातून निघाल्याचं दिसतं. घरातल्या लहान उंदराचं, म्हणजे मस मस्क्युलसचं, मूळही भारत-इराणच्या पट्ट्यात शोधलं जातं आणि सर्वांत जास्त जनुकीय वैविध्य याच पट्ट्यात सापडतं. हे उंदरांचं माहेर. परमुलखात गेलेल्या उंदरांनी बरोबर नेले ते इथल्या जनुकांतले मूठभर नमुने. बाकीचे इथेच राहिले. त्यामुळे प्रतिकाराची जनुकं कशी बदलतात हे पाहायचं असेल तर लंडनच्या गटारापेक्षा तापीकाठचं खळं जास्त सांगू शकेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. प्लेगचा जंतू हा जिवाणू, आणि आजच्या चिंता विषाणूंच्या. जिवाणूवरून विषाणूबद्दल बोलणं कितपत योग्य? याचं उत्तर द्यायला प्रतिकाराची यंत्रणा थोडी उघडून पाहावी लागते. शरीरात शिरलेल्या विषाणूशी पहिली गाठ पडते ती जन्मजात संरक्षणाची. पेशी इंटरफेरॉन सोडते आणि त्या इशाऱ्यावर शेजारच्या पेशींत काही प्रथिनं तयार होतात, जी विषाणूची नक्कल होऊ देत नाहीत. त्यानंतर एमएचसी नावाच्या जनुकसमूहाचं काम. या जनुकांपासून बनलेली प्रथिनं विषाणूचे तुकडे पेशीच्या बाहेर मांडतात आणि पांढऱ्या पेशींना ओळख पटवतात. कोणता तुकडा मांडला जाईल हे त्या प्रथिनाच्या आकारावर ठरतं, आणि तो आकार प्राण्यागणिक वेगळा असू शकतो. पृष्ठवंशी प्राण्यांत सर्वांत जास्त वैविध्य असलेल्या जनुकांत एमएचसीची गणना होते ती यामुळेच. एकच नमुना सगळ्यांकडे असेल तर एक चुकार विषाणू सगळ्यांना चकवून जाईल. विरळ नमुन्याचा फायदा जास्त, कारण विषाणू सरावलेला असतो तो बहुसंख्यांच्या नमुन्याला. आणि तो विरळ नमुना फायद्यामुळे पसरून बहुसंख्य झाला की विषाणू त्यालाही सरावतो. हे चक्र थांबत नाही.

या यंत्रणेबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांकडून आलं, आणि त्यातच एक मोठी फसगत दडलेली होती. इंटरफेरॉनच्या शोधात ज्यांचा वाटा होता त्या जाँ लिंडेनमान यांना १९६२ मध्ये ए-टू-जी नावाच्या वाणाचे उंदीर फ्लूच्या विषाणूला दाद देत नाहीत असं आढळलं. पुढे त्यामागचं एमएक्स-वन जनुक सापडलं. ए-टू-जीमध्ये काही खास नव्हतं, खोट बाकीच्यांत होती. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचा संकर करून वाढवलेल्या बहुतेक वाणांत या जनुकाचा तुकडाच गळालेला होता किंवा ते मध्येच तुटलेलं होतं. रानच्या उंदरांत त्याची शाबूत प्रत आढळते. दुसरं उदाहरण ओएएस-वन-बी या जनुकाचं. काही उंदीर पीतज्वराच्या कुळातल्या, म्हणजे फ्लेविव्हायरस गटातल्या विषाणूंना पुरून उरतात, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्षात आलं होतं. कारण उलगडलं २००२ मध्ये. प्रयोगशाळेतल्या बहुतेक वाणांत या जनुकाच्या मध्येच पूर्णविराम पडलेला आहे, त्यामुळे प्रथिन अर्धवट बनतं. म्हणजे ‘उंदराला हा विषाणू मारतो’ अशी जी वाक्यं पाठ्यपुस्तकांत गेली, त्यांतली काही प्रत्यक्षात ‘जनुक तुटलेल्या उंदराला हा विषाणू मारतो’ अशी वाचायला हवीत. रानात, शेतात, गोदामात राहणारा उंदीर हा वेगळा प्राणी आहे, आणि त्याच्याबद्दलचे प्रश्न त्यालाच विचारावे लागतात.

ते विचारायचं काम युरोपात बऱ्यापैकी झालं आहे. तिथल्या जंगलांत बँक व्होल नावाचा लालसर पाठीचा, आखूड शेपटीचा उंदरासारखा प्राणी राहतो. पूमाला नावाचा हंटाविषाणू त्याच्यात जन्मभर मुक्काम करतो. प्राणी दिसायला ठणठणीत, पण त्याच्या लघवीतून आणि विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो, सुकतो, धुळीत मिसळतो, आणि बंद पडलेली कोठी किंवा लाकडांची खोली झाडणाऱ्या माणसाच्या श्वासातून आत जातो. माणसाला ताप येतो, मूत्रपिंडं काही दिवस बिघडतात. युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी पकडलेल्या प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांत एमएचसीचे काही नमुने लागण झालेल्यांत जास्त आणि काही कमी आढळले. पण यांतलीच एक नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. रानात पकडलेल्या प्राण्यांत जो संबंध दिसला, तो पिंजऱ्यात मुद्दाम लागण करून पाहिल्यावर दिसलाच नाही. हा निकाल गैरसोयीचा, म्हणून अशा आढाव्यांत तो पटकन ओलांडून जायचा मोह होतो. त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर रानातला संबंध वरवरचा असेल: एकाच कुटुंबातले प्राणी एकाच ओढ्याकाठी राहतात, जनुकंही सारखी आणि लागणही शेजारच्याकडून सारखीच. किंवा पिंजऱ्यात पोटभर खाणाऱ्या, कृमी नसलेल्या, न भांडणाऱ्या प्राण्यात जनुकाचा परिणाम उमटायला जागाच मिळत नसेल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि त्यांच्यात निवाडा करायचा तर एकाच ठिकाणचे प्राणी वर्षानुवर्षं पुन:पुन्हा पकडून पाहण्याखेरीज मार्ग नाही. इंग्लंडच्या उत्तर टोकाला कील्डरच्या जंगलात गवताळ व्होलवर असं काम झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पेशींमधले निरोप वाहणाऱ्या साइटोकाइन प्रथिनांच्या जनुकांतले फरक अनेक रोगकारकांच्या लागणीशी जोडलेले दिसले आणि त्या परिणामाचा आकार नर-मादी किंवा वजन यांच्या परिणामाच्या तोडीचा निघाला. रानातल्या प्राण्यात जनुकाचा आवाज ऐकूच येणार नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

बँक व्होलचं दुसरं प्रकरण या सगळ्या विषयाचा गाभा आहे. टीएनएफ नावाचं एक साइटोकाइन दाह पेटवतं. विषाणू हटवायला ते उपयोगी, पण अति झालं तर स्वतःच्याच पेशी जाळतं. युरोपातल्या वेगवेगळ्या भागांतल्या व्होलची तुलना केली तेव्हा, जिथे माणसांत हा ताप वारंवार दिसतो तिथल्या प्राण्यांत टीएनएफ कमी बनताना आढळलं. म्हणजे ते विषाणूशी लढत नाहीत, त्याला सांभाळून घेतात. शत्रूला हाकलणं हा प्रतिकार, शत्रू घरात असताना आपलं नुकसान होऊ न देणं ही सहनशीलता. उंदराच्या दृष्टीने दोन्ही चालतील. माणसाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुंबईच्या चिवट उंदराच्या रक्तात प्लेगचे जंतू फारसे वाढतच नाहीत, त्यामुळे त्याचं रक्त पिणारी पिसू रिकामी राहते आणि साखळी तुटते. विसाव्या शतकात भारतातला प्लेग ओसरत गेला, त्याच्या अनेक कारणांत उंदरांमधला हा प्रतिकार एक मानला जातो. हंटाविषाणूला सांभाळून घेणारा व्होल याच्या नेमका उलट. तो मरत नाही, आजारी दिसत नाही, आणि जन्मभर विषाणू वाटत फिरतो. चिवट उंदीर बरा की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. चिवटपणा कोणत्या जनुकामुळे आणि कोणत्या प्रकारचा, हे पाहिल्याशिवाय काही बोलता येत नाही. म्हणूनच ‘निरोगी दिसणारे उंदीर’ ही आरोग्य खात्याला दिलासा देणारी बातमी नसते.

जनुकांवर विषाणूंच्या खुणा किती खोल उमटतात याची आणखी दोन उदाहरणं थोडक्यात. पेशीत लोह आत घेणारं टीएफआर-वन हे प्रथिन दक्षिण अमेरिकेतले काही अरेनाविषाणू दार म्हणून वापरतात. उंदरांच्या अनेक जातींत या प्रथिनाची, नेमकी विषाणू जिथे चिकटतो तेवढीच जागा झपाट्याने बदलत आलेली आहे आणि लोह धरणारी बाजू जशीच्या तशी आहे, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. कुलूप बदललं, दार तेच. आणि कॅलिफोर्नियात लेक कासितास परिसरातल्या काही रानउंदरांत ल्युकेमियाच्या विषाणूला अडवणारं जे जनुक मिळालं, ते मुळात एका जुन्या विषाणूचाच उंदराच्या गुणसूत्रात रुतून बसलेला तुकडा निघालं, आणि तेही आशियाई उंदरांकडून आलेलं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. जनुकांचं ठीक आहे, पण साथी ठरवतो तो पाऊस, पीक आणि अन्न. युरोपात बीच वृक्षाला भरपूर फळ धरलं की पुढच्या वर्षी व्होल माजतात आणि माणसांत पूमालाचे रुग्ण वाढतात. जर्मनीत २०१२ साली तसंच झालं. तेव्हा जनुकं चाळण्यापेक्षा झाडावरची फळं मोजलेली बरी. हा आक्षेप अर्धा खरा आहे. केव्हा वाढेल, हे फळांवरून कळतं. पण त्याच जातीचा प्राणी, तसंच जंगल, तरी एका जिल्ह्यात रुग्ण आणि शेजारच्यात नाहीत, हे कोडं फळं मोजून सुटत नाही. फ्रान्समध्येच एका भागात हा आजार मुरलेला आहे आणि त्याला लागून असलेल्या भागात तो उमटलेला नाही. तिथल्या व्होलमध्ये विषाणूविरोधी प्रतिसाद अधिक तीव्र आढळला. पाऊस वेळ सांगतो, जागा सांगताना उंदरांची घडण मध्ये येतेच.

खानदेशात ही जागा कशी दिसेल? दोंडाईचा हे सुरत-भुसावळ मार्गावरचं, नंदुरबार आणि अमळनेरच्या मधलं बाजाराचं गाव. तापी खोऱ्यातली ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, नेमकी प्लेग जोरात असताना. प्लेगच्या काळात उंदीर आणि पिसवा धान्याच्या, कापसाच्या मालाबरोबर गावोगाव गेल्या, हे तेव्हाच्या तपासांनी दाखवलं आहे. आजही दोंडाईच्याचं नाव निघतं ते मिरचीच्या बाजारासाठी. लाल मिरचीचे ढीग आणि वाळवणाच्या पथाऱ्या पाहून उंदरांची चैन असेल असं वाटतं, पण तिखटाची झोंब सस्तन प्राण्यांना लागते, पाखरांना नाही. मिरची हे उंदराचं खाणं नव्हे. त्याची सोय मका, ज्वारी, बाजरी, गहू यांच्या थप्प्यांत आहे. गोदामात थप्पीच्या सर्वांत खालच्या, भिंतीला टेकलेल्या गोणीकडे पाहावं. कोपऱ्याला कुरतडलेलं गोल भोक, त्याखाली पिठूळ झालेला भुसा, लेंड्या आणि भिंतीलगत उंदरांच्या रोजच्या वाटेने पडलेला तेलकट काळपट पट्टा. थप्पी उचलली की हा सगळा भुसा हमालाच्या नाकातोंडाशी उडतो. हंटाविषाणूसारखा विषाणू असेल तर तो या धुळीतूनच माणसात शिरतो, चावा घ्यायची गरज नसते.

या गोदामातला उंदीर आणि बाहेरच्या शेतातला उंदीर एक नव्हेत. आतमध्ये काळा घरउंदीर आणि लहान उंदीर. गटारी तपकिरी उंदीर मुख्यतः बंदरांचा आणि मोठ्या शहरांचा. बांधावर आणि पिकात घुशीची धाकटी जात, बँडिकोटा बेंगालेन्सिस, जी बिळात कणसंच्या कणसं साठवते. मऊ केसांचा शेतउंदीर. आणि जर्बिल, ज्याला भारतातल्या रानटी प्लेगचा जुना आसरा मानलं जातं. पीक निघालं, शेत उघडं पडलं की यांतले काही गावाकडे सरकतात आणि दोन जगांची गाठ पडते. ज्या विषाणूशी शेतातल्या जातीने शेकडो पिढ्या जुळवून घेतलंय, तो घरातल्या जातीला अनोळखी असू शकतो. मुंबईतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घुशीची हीच धाकटी जात घरउंदराला मागे सारत पुढे आली. प्लेग-समितीने ज्या उंदरांचा चिवटपणा मोजला होता, ते उंदीरच शहरात बहुसंख्य राहिले नाहीत. संख्या तेवढीच असेल, पण हिशेब नव्याने मांडायला हवा.

भारतातल्या विषाणूंची नोंदही याच दिशेला बोट दाखवते. जगात ज्याच्या नावावरून हंटाविषाणू ओळखले जातात तो विषाणू कोरियात १९७० च्या दशकात सापडला. त्याच्या आधी, १९६४ मध्ये, वेल्लोरजवळ पकडलेल्या एका प्राण्यात मिळालेला थोट्टापालयम विषाणू याच कुळातला निघाला. फक्त ते कळायला वेळ लागला. प्राणी कोणता, तर आपल्या घराघरांत भिंतीकडेने चिर्र करत पळणारी चिचुंद्री. तिला लोक उंदरात धरतात, पण ती कृंतक नाहीच, कीटकभक्षी आहे. सापळ्यात सापडलेलं सगळं ‘उंदीर’ म्हणून लिहिलं की असल्या नोंदी हरवतात. क्यासनूर जंगलतापाचं उदाहरण आणखी जवळचं. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, हा विषाणू वेगळा काढला. अलीकडे तो सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याच्या काजूबागांपर्यंत आला. माकडं मरतात म्हणून बातमी माकडांची होते. पण गोचीड, जंगलातले उंदीर आणि चिचुंद्री यांच्यात हा विषाणू मुकाट फिरतो. तो फ्लेविव्हायरस कुळातला, म्हणजे ज्या कुळाविरुद्ध ओएएस-वन-बी काम करतं त्याच कुळातला. सह्याद्रीतल्या उंदरांत या जनुकाचे किती नमुने आहेत आणि विषाणू नांदतो तिथे कोणते जास्त, हा प्रश्न विचारायला आता महागड्या यंत्रांचीही फारशी गरज नाही.

मग थेट उंदीरच संपवले तर? जनुकांची चिकित्सा करत बसण्यापेक्षा औषध टाकलेलं काय वाईट? शेतकऱ्याचं आणि आडत्याचं नुकसान खरं आहे; उंदीर मारूच नयेत असं कोणी सांगत नाही. पण अर्धवट मारण्याचे परिणाम तपासले गेले आहेत. व्हँकूवर शहरात काही वस्त्यांतले उंदीर पकडून मारले आणि काही वस्त्या तशाच सोडल्या. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात, मारलेल्या वस्त्यांत उरलेल्या उंदरांमध्ये लेप्टोस्पायराची लागण असण्याची शक्यता कितीतरी वाढलेली दिसली. तो जंतू जिवाणू आहे. पण उंदरांची वस्ती विस्कटल्याने काय होतं हा प्रश्न विषाणूंनाही लागू पडतो. जुन्या उंदरांची हद्द मोडते, बाहेरचे आत येतात, भांडणं आणि चावे वाढतात, आणि रिकाम्या जागेत जन्मलेल्या नव्या पिढीला कशाशीच ओळख नसते. जनुकांच्या दृष्टीनेही मोठी कत्तल म्हणजे गाळणी. मागे उरलेल्या थोड्यांकडे नमुने थोडेच असतात, आणि विरळ नमुने सर्वांत आधी गळतात. औषध स्वतःदेखील निवड करतं. वॉरफरिन या उंदरांच्या औषधाला न जुमानणारे उंदीर १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये आढळले. त्यामागचं व्हीकेओआरसी-वन जनुक २००४ मध्ये सापडलं. जर्मनीतल्या घरातल्या लहान उंदरांना तर ही प्रतिकारक प्रत अल्जीरियन उंदराशी झालेल्या संकरातून आयती मिळाल्याचं २०११ मध्ये दिसलं. आपल्या कृषी केंद्रांत मिळणारं ब्रोमाडिओलोन त्याच घराण्यातलं. एकदाच जोरात टाकायचं आणि पुढच्या हंगामापर्यंत विसरायचं, या पद्धतीत उंदीर कमी होत नाहीत, बदलतात. गोदामाचा पाया पक्का करणं, थप्पी भिंतीपासून हात-दीड हात दूर आणि फळ्यांवर लावणं, सांडलेलं धान्य त्याच दिवशी गोळा करणं, यांत अन्नच तुटतं आणि वस्ती सावकाश आटते. उरलेल्यांची उलथापालथ होत नाही. हे उपाय कंटाळवाणे आहेत आणि त्यांचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी झाली, त्याआधी ऑगस्टात बीड जिल्ह्यात मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशी माणसांची वस्ती मोठी. लाखो लोकांनी शहर सोडलं आणि त्यातल्या खानदेशच्या माणसांची वाट याच तापी खोऱ्यातल्या रेल्वेने होती. माणसं तपासली गेली, औषधं वाटली गेली, आणि ते योग्यच होतं. उंदरांबाबत मात्र प्रश्न ‘किती मेले’ एवढ्यावर राहिला. या मुलखातल्या उंदरांच्या पूर्वजांनी शतकाच्या सुरुवातीला प्लेग पचवला असेल, तर त्यांच्या वंशजांत तो प्रतिकार अजून शिल्लक आहे का, की गरज संपल्यावर तो विरळ होत गेला? प्रतिकाराच्या जनुकांना बहुधा किंमत मोजावी लागते. दाह पेटवणारं टीएनएफ याचं उदाहरण वर आलंच. रोग नसताना ती किंमत परवडत नाही आणि नमुना मागे पडतो. हे उत्तर आजही मिळण्याजोगं आहे. हंगामागणिक बाजार समितीच्या आवारात, एका शेतात आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर तेच सापळे त्याच जागी लावायचे. सापडलेल्याची जात नीट लिहायची, चिचुंद्री वेगळी काढायची. वजन, नर-मादी, पिसवांची संख्या टिपायची, कानाचा इवलासा तुकडा अल्कोहोलमध्ये आणि रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा. कानाच्या तुकड्यातून जनुकं वाचता येतात, वाळलेल्या रक्तातून प्रतिपिंडं. प्राणीशास्त्राचा विभाग असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाला शिक्षक, शिकाऊ विद्यार्थी आणि एक शीतपेटी यांच्या बळावर पकडण्याचा भाग जमू शकतो. मास्क, हातमोजे आणि जैवसुरक्षेची शिस्त मात्र सक्तीची, कारण धोका धुळीत आहे. विषाणू शोधण्याचं काम पुण्यासारख्या ठिकाणी, त्यासाठी बांधलेल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवं. एका वर्षाच्या नमुन्यांतून काही निघणार नाही. कील्डरचं मोल सलग नोंदींत होतं, आणि परळच्या डॉक्टरांना मुंबई-मद्रासचा फरक दिसला तो त्यांनी दोन्हीकडचे उंदीर एकाच टेबलावर आणले म्हणून. दोंडाईच्याच्या शेजारी कोणतं गाव ठेवायचं हे ठरवताना रेल्वे न पोचलेलं, सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं गाव घेतलं तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या मालवाहतुकीने उंदरांच्या जनुकांत काय आणून टाकलं तेही त्याच कामात कळेल.